जेसीबीचें काम पाहावें कसें?

सन २०१९ च्या मे महिन्यांत ‘जेसीबी की खुदाई’ या शब्दांनीं देशभर एक थट्टा पसरली होती. मोबाइलवर जो तो चित्रें पाठवीत होता : यंत्र माती उकरीत आहे आणि भोंवतीं शेंपन्नास माणसें कामधंदा सोडून टक लावून उभीं आहेत. आपल्या लोकांस दुसरा उद्योग उरला नाहीं, असा त्या थट्टेचा भावार्थ. ती वाचून मलाही हसूं आलें. परंतु पटली मात्र नाहीं. जें यंत्र आपल्या शेतांत येऊन तासाला हजार-बाराशें रुपये घेऊन जातें, तें काम करितांना शेतकऱ्यानें पाहूं नये, तर कोणी पाहावें? दोष पाहण्यांत नाहीं; न मोजतां पाहण्यांत आहे.

हें यंत्र आपल्या शेतांत बोलावण्यापूर्वीं दुसऱ्याच्या कामावर जाऊन, जवळ घड्याळ व मोजपट्टी ठेवून, निदान एक दिवस तें पाहावें, एवढेंच या लेखाचें सांगणें आहे. प्रस्तुत लेखकाचें शिक्षण मराठी शाळेपुरतें झालें असून आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. यंत्रशास्त्राचा अभ्यास मीं केलेला नाहीं. परंतु मोजमाप घेण्याची व पंचनामे लिहिण्याची जी संवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाहीं. चाकूर तालुक्यांत व आसपास जेथें हीं यंत्रें चालत, तेथें जाऊन बसावें, चालकास विचारावें व वहींत टिपून ठेवावें, असा क्रम मीं कांहीं काळ ठेविला. त्या टिपणांतील उपयोगी भाग वाचकांपुढें ठेवीत आहें.

यंत्र कोणतें?

आपण ज्यास सरसकट ‘जेसीबी’ म्हणतों, तें नांव यंत्राचें नसून एका कंपनीचें आहे. जोसेफ सिरिल बॅमफोर्ड या इंग्रज गृहस्थानें सन १९४५ च्या ऑक्टोबर महिन्यांत इंग्लंडांतील उटॉक्सेटर या गांवीं भाड्यानें घेतलेल्या एका लहानशा जागेंत हा धंदा आरंभिला. त्याच्या नांवाचीं आद्याक्षरें तींच हीं तीन अक्षरें. आपणां शेतकऱ्यांस मौज वाटेल अशी गोष्ट ही कीं, त्याची पहिली वस्तु म्हणजे उकरण्याचें यंत्र नव्हे, तर शेतमाल वाहून मागें उलटतां येणारी ट्रॉली होती. पुढें सन १९५३ मध्यें एकाच ट्रॅक्टरला पुढें भरण्याची बकेट व मागें उकरण्याचा हात जोडून त्यानें दुहेरी कामाचें यंत्र तयार केलें. हिंदुस्थानांत हा कारखाना सन १९७९ मध्यें दिल्लीजवळ बल्लभगड येथें निघाला. नंतर पुण्याजवळ व जयपूर येथेंही निघाले. अशाच जातीचीं यंत्रें आतां दुसऱ्या कंपन्याही करितात. पण लोकांच्या तोंडीं सर्वांस नांव एकच. मोठ्या साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या यंत्रास आपण ‘पोकलेन’ म्हणतों, तेंही मूळचें पोक्लें या फ्रेंच कंपनीचेंच नांव होय.

या दोहोंतील भेद शेतकऱ्यानें प्रथम ओळखिला पाहिजे. पोकलेन एकच काम करतें, तें म्हणजे उकरणें. आणि तें फार मोठ्या प्रमाणावर करतें. जेसीबी चाकांवर चालतें, रस्त्यानें स्वतः येतें, आणि पुढून भरणें, ढकलणें, सपाट करणें व मागून उकरणें हीं कामें एकट्यानें करतें. नेहमींच्या यंत्राची पुढची बकेट सुमारें १ घनमीटरची, मागची सुमारें पाव घनमीटरची, आणि मागचा हात सुमारें साडेचार ते पावणेपांच मीटर खोल पोंचतो. मागची बकेट काढून त्या जागीं खडक फोडण्याचा ब्रेकर किंवा खड्डे पाडण्याचा गिरमिटही बसवितां येतो. उकरण्याच्या वेळीं चालक आपली बैठक फिरवून मागें तोंड करतो व दोन लोखंडी पाय जमिनीवर टेंकतो. यंत्र हलूं नये हा त्या पायांचा हेतु. ते पाय भुसभुशीत मातीवर किंवा खड्ड्याच्या कांठाशीं टेंकलेले दिसले, तर काम तेथेंच थांबवावें.

एवढें बळ कोठून येतें?

ट्रॅक्टरपेक्षां फारसें मोठें नसलेलें, पाऊणशें अश्वशक्तीच्या आसपासचें इंजिन मुरूम कसा फोडतें, असा प्रश्न अनेकांनीं मला विचारिला. उत्तर तेलाच्या दाबांत आहे. फ्रान्स देशांतील पास्कल नामक पंडितानें सतराव्या शतकांत असें दाखवून दिलें कीं, बंद जागेंतील द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो. आतां कल्पना करा कीं, एका बारीक नळकांड्याचा दट्ट्या १ चौरस इंचाचा आहे व तेल त्याच्यांतून २० चौरस इंचांच्या जाड दट्ट्याखालीं जातें. बारीक दट्ट्यावर १ मणाचा भार दिला, तर जाड दट्ट्या २० मण उचलील. मात्र बारीक दट्ट्या २० इंच खालीं गेला, तर जाड एकच इंच वर येईल. फुकट कांहींच मिळत नाहीं; वेगाच्या बदल्यांत बळ मिळतें, इतकेंच. यंत्रांत इंजिन पंप फिरवितें, पंप तेलास दाब देतो, आणि तें तेल जाड रबरी नळ्यांतून हाताच्या प्रत्येक सांध्यावरील दट्ट्यांस ढकलतें.

यावरून पाहणारानें दोन गोष्टी लक्षांत घ्याव्या. पहिली : नळ्यांच्या जोडांतून तेल झिरपत असेल, तर यंत्र थकलेलें आहे, त्याचा तास पूर्ण तासाएवढें काम देणार नाहीं. दुसरी : बकेटीचे दांत झिजून बोथट झाले असतील, तर तेंच इंजिन तेंच डिझेल जाळून निम्मीच माती काढील. भाडें ठरविण्यापूर्वीं दांत पाहावे. बैल घेतांना आपण दांत पाहतोंच, येथेंही तेंच.

पहिलें स्थळ : महामार्ग

तुळजापुराहून औसा, लातूर, चाकूर, लोहा, नांदेड या मार्गानें नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ चें चौपदरीकरण औसा–चाकूर व चाकूर–लोहा अशा टप्प्यांनीं करण्यांत आलें. त्या कामावर मीं अनेक सकाळी घालविल्या. तेथें निरनिराळ्या कामांस निरनिराळीं यंत्रें : उकरण्यास पोकलेन, पसरण्यास ग्रेडर, दाबण्यास रोलर, वाहण्यास हायवा. मग जेसीबीचें काम काय? तर या सर्वांच्या मधलें. एका मोरीजवळ तीन तासांत एकाच यंत्रानें केलेलीं कामें मीं टिपलीं : चर उकरणें, जुन्या बांधकामाचा तुकडा ब्रेकरनें फोडणें, राडारोडा हायवांत भरणें, पाइपाभोंवतीं मुरूम लोटणें, आणि शेवटीं जागा सपाट करणें. तेथील मुकादमानें मला सांगितलें कीं, शंभर फुटांचें सरळ काम असेल तर मी यास हात लावीत नाहीं. दहा ठिकाणीं दहा फुटांचें काम असेल तर यास सोडीत नाहीं.

हें वाक्य शेतकऱ्यानें गांठीस बांधून ठेवावें. बांध दुरुस्त करणें, पाइपलाइनीचा चर, झाडाचें खोड काढणें, विहिरीभोंवतालचा ढीग सारणें, उकिरड्यांतील खत ट्रॉलींत भरणें, अशीं फुटकळ कामें एकत्र करून एकाच दिवशीं हें यंत्र बोलाविलें, तर त्याच्यासारखें स्वस्त दुसरें कांहीं नाहीं. एकाच जातीचें मोठें काम त्याच्या गळ्यांत घातलें, तर त्यासारखें महागही कांहीं नाहीं.

दुसरें स्थळ : तलावांतील गाळ

सन २०१७ मध्यें राज्य सरकारनें ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढिली, तेव्हांपासून उन्हाळ्यांत तलावांतील गाळ शेतांत नेण्याची चाल आपल्याकडे वाढली. एका पाझर तलावाच्या पोटांत झाडाखालीं बसून मीं दोन दिवस मोजणी केली. यंत्र पुढच्या बकेटीनें एक ट्रॉली सुमारें ४ मिनिटांत भरी. ट्रॉली अदमासें १ ब्रास, म्हणजे १०० घनफूट किंवा २.८३ घनमीटर. ट्रॉलीस शेतांत जाऊन, उलटवून परत येण्यास २० मिनिटें लागत. म्हणजे भरणें धरून एक फेरा २४ मिनिटांचा. यंत्र क्षणभरही रिकामें राहूं नये, तर २४ भागिले ४, म्हणजे ६ ट्रॉल्या पाहिजेत.

पहिल्या दिवशीं दोनच ट्रॉल्या होत्या. परिणाम काय झाला तो पाहा. ताशी भाडें १,२०० रुपये धरिलें, तर ६ ट्रॉल्या असतां तासाला १५ ट्रॉल्या भरतात व दर ट्रॉलीस भरणावळ ८० रुपये पडते. दोनच ट्रॉल्या असतां तासाला ५ भरतात व भरणावळ २४० रुपये पडते. गाळ तोच, यंत्र तेंच, चालकही तोच. १ एकरावर ४ इंचांचा थर द्यावयाचा तर सुमारें १४५ ब्रास गाळ लागतो. म्हणजे ट्रॉल्यांचें भाडें सोडून केवळ भरणावळींत एका एकरामागें ११,६०० रुपयांचे ३४,८०० रुपये होतात. वरचे सुमारें तेवीस हजार रुपये यंत्र उभें राहिल्याबद्दल गेले. दुसऱ्या दिवशीं चार शेजाऱ्यांनीं आपल्या ट्रॉल्या एकत्र केल्या व पाळीपाळीनें गाळ नेला. भावकींत ज्या गोष्टी सांगून होत नाहींत, त्या कधीं कधीं हिशेबानें होतात.

आणखी एक सूचना. यंत्रावरील तासांचें घड्याळ इंजिन चालूं असेपर्यंत फिरतें, मग माती निघो वा न निघो. काम सुरू होतांना व संपतांना तो आंकडा चालकासमक्ष वहींत लिहावा, आणि ट्रॉलीची वाट पाहतांना इंजिन बंद ठेवण्याचें आधींच ठरवून घ्यावें.

गाळ कोणत्या जमिनीस, हेंही पाहावें. हलक्या, मुरमाड जमिनीस तो वरदान आहे. ओल धरतो, कस वाढवितो. आधींच जड, चिबड असलेल्या काळ्या रानांत आणखी गाळ टाकणें म्हणजे जेवलेल्याच्या पानांत पुन्हां वाढणें. शक्य तर गाळाचा नमुना मृद्‌तपासणीस पाठवावा, आणि थर पसरून पावसापूर्वीं मातींत मिसळावा.

तिसरें स्थळ : शेततळें

सन २०१६ मध्यें ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना निघाली. त्यांतील मोठ्या आकाराचें तळें ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असे. कड उतरती ठेविल्यानें तळाशीं तें २४ मीटर लांबरुंद राहतें, व त्यांतून निघणारी माती २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारें ७७६ ब्रास भरते. एका शेतांत अशा तळ्याचें काम जेसीबीच्या मागच्या हातानें चाललेलें मीं पाहिलें. दहा मिनिटांत २४ बकेटी निघाल्या. तासाला १४४ बकेटी. पाव घनमीटरच्या धरिल्या तर ३६ घनमीटर. जागा बदलणें, अर्धवट भरलेली बकेट, चालकाचा चहा, हें सर्व वजा जातां ३० घनमीटर हाताला लागतें.

परंतु येथें एक फसगत आहे व ती बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. घट्ट माती उकरली कीं फुगते. खड्ड्यांतील १०० घनफूट माती बाहेर पडली म्हणजे अदमासें १२५ घनफूट होते. म्हणून बकेटींतील ३० घनमीटर म्हणजे खड्ड्यांतील २४ घनमीटरच. त्या हिशेबानें तळ्यास सुमारें ९२ तास लागतील व १,२०० रुपये दरानें १,१०,००० रुपये होतील. सदरहू योजनेंत सुरुवातीस अनुदानाची मर्यादा ५०,००० रुपये होती, हें आठवावें. तेंच काम मोठ्या पोकलेननें, खड्ड्याच्या मापानें तासाला ८० घनमीटर धरून, २८ तासांत होतें. ताशी २,४०० रुपये दिले तरी ६७,००० रुपये, अधिक यंत्र ट्रेलरवर आणण्याचें व नेण्याचें भाडें. दर गांवोगांव निराळे असतात. हिशेबाची रीत मात्र हीच. ज्याचा ताशी दर दुप्पट, तें यंत्र एकंदरींत स्वस्त पडूं शकतें.

या फुगण्यावरून तंटेही होतात. काम ब्रासवर दिलें असेल, तर माप खड्ड्याचें धरावयाचें कीं ट्रॉलीचें, हें आधीं कागदावर लिहून घ्यावें. नाहींतर शंभर ब्रासांच्या खड्ड्यास सव्वाशें ब्रासांचे पैसे द्यावे लागतात, आणि दोन्ही पक्ष आपापल्या परीनें खरेच बोलत असतात.

माझी स्वतःची चूक

इतकें शहाणपण मला आतां आलें आहे, तेव्हां नव्हतें. नोकरींत असतांना मीं आमच्या शेतांतील ओढ्याकडचा बांध व चर यंत्रानें करून घेतला. त्या दिवशीं कचेरींत काम असल्यानें मी शेतावर थांबलों नाहीं. सायंकाळीं जाऊन पाहतों तों चर सुरेख, बांध सुरेख. परंतु चरांतील मुरूम वरच्या अर्ध्या एकरावर पसरला होता आणि तेथील काळी माती बांधाच्या पोटांत गेली होती. चालकाचा त्यांत दोष काय? त्यास जवळ पडेल तेथून उचलणें व जवळ पडेल तेथें टाकणें, एवढेंच सांगितलेलें. त्या अर्ध्या एकरांत पुढें चार वर्षें सोयाबीन गुडघ्यापर्यंतही वाढलें नाहीं. आमच्या आईनें तें पाहून एवढेंच म्हटलें, “यंत्राला माती आणि मुरूम सारखाच रे बाबा, फरक तुला कळायला हवा होता.”

आमची आई सन १९७२ च्या दुष्काळांत पाझर तलावाच्या कामावर टोपली उचलीत होती. टोपलीनें काम करणाऱ्या माणसास काळी कोणती व पांढरी कोणती हें हाताला कळतें. बैलांच्या केणीनें रान सपाट करणारासही कळे. यंत्राच्या बकेटीस तें कळत नाहीं; म्हणून मालकाचा डोळा तेथें पाहिजे. कोणतेंही उकरणें सुरू करण्यापूर्वीं वरची फूट-दीड फूट काळी माती आधीं काढून एकीकडे ढीग करावी, खालचा मुरूम दुसरीकडे टाकावा, आणि काम संपल्यावर काळी माती पुन्हां वर पसरावी. यास दोन-तीन तास अधिक लागतील. ते तास वाया गेले असें मानूं नये.

नाला किती उकरावा?

सन २०१६ चा उन्हाळा लातूर जिल्ह्यांत कोणी विसरणार नाहीं. मांजरा धरण आटलें आणि एप्रिल महिन्यांत मिरजेहून रेल्वेनें लातुरास पाणी आणावें लागलें. त्याच उन्हाळ्यांत लोकवर्गणीनें मांजरा नदीचें पात्र रुंद व खोल करण्याचें काम झालें, आणि तत्पूर्वीं डिसेंबर २०१४ पासून सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानांत गांवोगांव नाले उकरले जात होते. यंत्रें रात्रंदिवस चाललीं. लोकांची तळमळ खरी होती, आणि पुढच्या पावसांत पाणी सांठलेलें पाहून डोळे भरून आले, हेंही खरें.

परंतु यंत्राचा हात पोंचतो तेथवर उकरावें, असा अर्थ कोणी घेऊं नये. आपली भूमि काळ्या खडकाच्या थरांची आहे. वर काळी माती, तिच्याखालीं चुनखडीची पांढरी, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग पाषाण. मुरूम व मांजऱ्या यांच्या भेगांतूनच पाणी मुरतें व विहिरीस जातें. गाळ काढून मुरमापर्यंत गेलें, तर पाणी जिरण्यास वाट मोकळी होते. त्याहून खालीं मुरमाचा थरच कापून काढिला, तर आजूबाजूच्या विहिरींचें मुरलेलें पाणी त्या खड्ड्यांत उतरतें, उन्हानें वाफ होऊन जातें, आणि ज्याच्या शेताशेजारीं खड्डा त्याची पंपानें चैन होते. वरच्यांच्या विहिरी मात्र कोरड्या पडतात. शिवाय काढलेली माती कांठावरच ठेविली, तर पहिल्या मोठ्या पावसांत ती पुन्हां नाल्यांत येते. म्हणून माथ्यावरचीं कामें आधीं व पायथ्याचीं मागाहून, हा पाणलोटाचा जुना क्रम सोडूं नये. वर समतल चर व बांध नसतां खालीं नाला उकरणें म्हणजे गळक्या छपराखालीं घंगाळ ठेवणें होय.

सरकारी कागद

महसुली नोकरींतील माणसानें लिहावयाचें आणि कायद्याचा उल्लेख नाहीं, असें कसें होईल? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम ४८ प्रमाणें मुरूम, माती, वाळू इत्यादि गौण खनिज परवानगीवांचून काढून नेल्यास बाजारभावाच्या पांचपटीपर्यंत दंड होऊं शकतो व यंत्र आणि वाहनही जप्त होतें. आपल्या शेतांतील माती आपल्याच शेतांत वापरणें वेगळें, आणि ती ट्रॉलीनें दुसऱ्यास विकणें वेगळें. “माझ्याच शेतांतला मुरूम, मला कोण विचारतो?” असें म्हणणारे बरेच जण मीं तहसील कचेरीच्या पायरीवर बसलेले पाहिले आहेत. तहसीलदारांकडून आधीं परवाना घ्यावा.

दुसरी गोष्ट बांधाची. टोपलीनें बांध कोरणारास महिना लागे व तेवढ्यांत शेजाऱ्याचा राग येऊन निवतही असे. यंत्र तेंच काम अर्ध्या तासांत करतें, आणि तंटा पुढें पंधरा वर्षें चालतो. हद्दीवर यंत्र लावण्यापूर्वीं मोजणी करून घ्यावी, हद्दीचे दगड चुन्यानें रंगवावे, आणि शेजाऱ्यास बोलावून त्याच्यासमक्ष काम करावें.

जिवाची काळजी

पाहावयास जाणारानें स्वतःस जपावें. मागचा हात दोन्ही बाजूंस फिरतो. तो पोंचेल त्या वर्तुळाच्या आंत कोणीही उभें राहूं नये. चालकास आपण दिसतों आहों, याची खात्री करावी. उचललेल्या बकेटीखालीं जाऊं नये, बकेटींत बसून खालीं-वर करूं नये, आणि मुलांस तर दूरच ठेवावें. वरून विजेची तार जात असेल, तर हात उंच होण्यापूर्वींच चालकास दाखवावी. काळ्या मातीचा चर उभ्या कडेचा असेल तर उन्हाळ्यांत तो भक्कम दिसतो. पण तिला भेगा असतात व ती अकस्मात् ढांसळते. छातीपेक्षां खोल चरांत आधार दिल्यावांचून माणूस उतरवूं नये, आणि उकरलेल्या मातीचा ढीग कांठापासून निदान हातदोन हात मागें ठेवावा.

यंत्र विकत घ्यावें काय?

आतां ज्या प्रश्नासाठीं हा लेख लिहावयास बसलों, तो. आमच्या भागांतील दोन-तीन होतकरू मुलांनीं जमीन तारण ठेवून यंत्र घेण्याचा विचार माझ्यापाशीं काढिला. एकाचे वडील सातबारा घेऊनच आले होते. त्यांस मीं जो हिशेब करून दिला, तोच येथें देतों. आंकडे उदाहरणादाखल धरिले आहेत. प्रत्येकानें आपापल्या गांवचे घालून पाहावे.

यंत्रास ३० लाख रुपये कर्ज, मुदत ५ वर्षें, व्याज साडेदहा टक्के धरिलें, तर दरमहा हप्ता सुमारें ६५,००० रुपये, म्हणजे वर्षास ७ लाख ८० हजार. चालकाचा पगार वर्षास २ लाख ४० हजार. हे दोन खर्च यंत्र चालो वा न चालो, द्यावेच लागतात. बेरीज १० लाख २० हजार. ताशी १,२०० रुपयांतून डिझेलचे ५०० व झीज, तेल, दांत, टायर यांचे १०० वजा जातां ६०० रुपये उरतात. १० लाख २० हजारांस ६०० नीं भागिलें तर १,७०० तास येतात. म्हणजे वर्षास १,७०० तास काम मिळालें, तर मालकाच्या घरीं कांहींच येत नाहीं व कांहींच जातही नाहीं. रोज ८ तास धरिले तर हे २१२ पूर्ण दिवस झाले. आपल्या काळ्या रानांत पावसाळ्याचे चार महिने यंत्राचें चाक फिरत नाहीं. उरल्या आठ महिन्यांत एकही दिवस फारसा रिकामा न जातां, आणि एकही उधारी न बुडतां, एवढें काम तालुक्यांत आहे काय? आधींचीं यंत्रें किती आहेत, तीं दिवसाचे किती तास उभीं असतात, हें महिनाभर फिरून मोजावें. मग सातबाऱ्यास हात लावावा.

त्या वडिलांनीं हिशेबाचा कागद घडी करून खिशांत ठेविला व मुलास महिनाभर दुसऱ्याच्या यंत्रावर मदतनीस म्हणून पाठविलें. त्याचें काय ठरावयाचें तें ठरेल. परंतु जें ठरेल तें डोळस ठरेल.

समारोप

यंत्रामुळें मजुरांची रोजी जाते, हा आक्षेप खोटा नाहीं. म्हणूनच सन २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या कामांत मजुरांस हटविणारीं यंत्रें वापरूं नयेत, असा नियम घालण्यांत आला होता. माथ्यावरचे चर, लहान बांध, झाडांचे खड्डे हीं कामें माणसाच्या हातांस अधिक साधतात व गांवांतला पैसा गांवांत राहतो. तीं यंत्रास देऊं नयेत. खोल तळीं, जड मुरूम, शेंकडों ब्रास गाळ हीं कामें यंत्रास द्यावीं. प्रत्येकास त्याचें काम दिलें म्हणजे कोणाशींच वैर राहत नाहीं.

तेव्हां वाचकहो, यंदाच्या उन्हाळ्यांत जवळपास कोठें यंत्र चाललेलें कळलें, तर अवश्य जावें. लोक हंसतील, हंसूं द्यावें. जातांना घड्याळ, मोजपट्टी व एक वही न्यावी. बकेटी मोजाव्या, ट्रॉल्यांच्या फेऱ्या मोजाव्या, यंत्र किती मिनिटें उभें राहिलें तें लिहावें, आणि काळी माती कोठें पडली तें पाहावें. एका दिवसाच्या अशा पाहण्यानें जो हिशेब हातीं येईल, तो घरीं येऊन घरधनिणीपुढें व मुलांपुढें ठेवावा, आणि मगच यंत्रवाल्यास फोन लावावा.